जाळी, पीळ आणि झाडीपट्टीची थंडी

गोंदियाची थंडी आकड्यांत फार भयंकर दिसत नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा ८ ते १० अंशांपर्यंत उतरतो. उत्तरेकडून वारा सुटला की तो त्याहूनही खाली जातो आणि विदर्भातले सर्वांत थंड ठिकाण म्हणून गोंदियाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. पण त्याच दिवशी दुपारी दोनला पारा २६-२७ वर असतो. पहाटे धान चुरायला निघालेला शेतकरी, तिरोड्याहून सकाळच्या गाडीने गोंदियाला येणारी शिक्षिका, राइस मिलमध्ये पहिल्या पाळीला जाणारा हमाल, सगळ्यांची अडचण एकच. सकाळी सातला जे अंगावर हवेहवेसे वाटते, त्याचे अकरा वाजता ओझे होते.

जाड स्वेटर ही बर्फाच्या मुलखातली गरज आहे. झाडीपट्टीला लागते ती मानेपुरती, कानापुरती, चार तासांपुरती ऊब. काम संपले की घडी करून पिशवीत टाकता आली पाहिजे आणि रात्री पुन्हा काढता आली पाहिजे. रात्रीची गरज तर इथे खास आहे. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि मंडईच्या रात्री नाटक असते. वडसा-देसाईगंज हे केंद्र असलेल्या झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्या अर्जुनी मोरगाव, सडक अर्जुनीपर्यंत फिरतात. उघड्या शेतात मंडप घातलेला असतो, पडदा रात्री उशिरा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालते. पुढे माघी पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला दूरदूरच्या राज्यांतून गोंड भाविक येतात आणि डोंगराच्या पायथ्याशी मुक्काम करतात. या सगळ्या रात्री मान आणि कान झाकून काढायच्या असतात.

हे पुस्तक त्या मानेपुरत्या उबेविषयी आहे. त्याचा विषय एकच वस्तू आहे: टोके नसलेला, गोल विणलेला, वजनाला हलका गळपट्टा, ज्याला आता सगळे काउल म्हणतात. त्यावर दोन प्रकारच्या विणी आहेत. एक जाळीची, दुसरी पिळाची, म्हणजे केबलची. एवढ्याशा वस्तूवर अख्खे पुस्तक कशाला, असे कोणी विचारेल. त्याचे उत्तर असे की विणकामातले जवळजवळ सगळे प्रश्न या एका गळपट्ट्यात भेटतात: माप, ताण, धाग्याची जात, नक्षीचे गणित, धुण्यानंतरचा आकार. आणि स्वेटरइतका धीर त्याला लागत नाही.

मराठी घरात सुयांचे विणकाम मुख्यतः बाळंतविड्यात राहिले. कुंची, टोपडे, पायमोजे, लोकरीचे इवलेसे जाकीट. लेकीला सातवा महिना लागला की घरातल्या कोणा मावशीच्या हातात पांढऱ्या किंवा पिवळ्या लोकरीचा गुंडा दिसू लागे. मुलींच्या शाळांत हस्तकलेच्या तासाला सुलट-उलट शिकवले जाई. हिवाळ्याच्या तोंडावर स्त्रियांची मासिके विणकामाचे विशेषांक काढत आणि त्यातली पाने शेजारीपाजारी महिनोन्महिने फिरत. १९६२ च्या चीन युद्धात देशभरातल्या बायकांनी जवानांसाठी स्वेटर, मफलर, हातमोजे विणले. घरचे विणकाम सार्वजनिक कामाला लागल्याची ती ठळक आठवण अनेक घरांत अजून सांगितली जाते.

पण या परंपरेला एक मर्यादा होती. शिकायचे ते आईकडून किंवा शेजारणीकडून, तोंडी. त्यामुळे प्रत्येक घरात तीन-चार विणी पक्क्या आणि बाकीच्या अवघड म्हणून बाजूला ठेवलेल्या. जाळीची वीण बाळाच्या शालीत येई, पीळ पुरुषांच्या स्वेटरच्या छातीवर. दोन्ही एकाच कापडात घालण्याचा प्रसंग क्वचितच येई.

दोन सुयांवर विणायची कला थंड देशात जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे. हाती असलेला पुरावा वेगळे सांगतो. सुयांच्या विणकामाचे सर्वांत जुने म्हणून ओळखले जाणारे नमुने इजिप्तमध्ये सापडले. अकराव्या ते चौदाव्या शतकातले, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे मोजे, आणि तेही सुती. उन्हाळी देशात, सुतावर, बारीक सुयांनी केलेले काम! लोकर आणि बर्फ यांच्याशी या कलेची गाठ नंतर पडली. गोंदियासारख्या ठिकाणी विणकामाचा विचार करताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. इथे हलके विणणे ही तडजोड ठरत नाही, कलेच्या पहिल्या ज्ञात रूपाशी त्याचे जवळचे नाते आहे.

उलट टाका मात्र बराच उशिरा दिसू लागतो. फ्लॉरेन्सची डचेस एलिओनोरा दि तोलेदो १५६२ मध्ये वारली. तिच्या दफनातले रेशमी मोजे पुढे सापडले आणि त्यांवर उलट टाक्यांनी उठवलेली नक्षी होती. सुलट आणि उलट असे दोन्ही टाके हाती आल्यावर कापडाला उंचवटे आणि खळगे मिळाले, आणि पुढच्या सगळ्या विणींचा रस्ता उघडला. त्यानंतर अवघ्या २७ वर्षांनी, १५८९ मध्ये, इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचे यंत्र बनवले. म्हणजे हातविणकाम पुरते बहरण्याआधीच त्याला यंत्राची स्पर्धा लागली होती. यंत्राला जे सहज जमत नाही ते हाताने करून दाखवायचे, हा हट्ट तेव्हापासूनचा. जाळी आणि पीळ या दोन्ही विणी त्या हट्टाच्या वाटेवर मोठ्या झाल्या.

जाळीची घराणी सांगायची तर तीन नावे आधी येतात. स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांपैकी उन्स्ट बेटावर एकोणिसाव्या शतकात अशा शाली विणल्या जाऊ लागल्या की अख्खी शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढता येई. रशियात ओरेनबर्गच्या बायकांनी बकरीच्या अंगावरच्या मऊ लवीपासून तशाच शाली काढल्या. एस्टोनियाच्या किनाऱ्यावरच्या हाप्सालू गावात जाळीच्या मध्येमध्ये छोट्या गाठींसारखे फुगीर टाके घालत. शाली वजनावर विकल्या जात, म्हणून वजन वाढवायला हे टाके आले अशी तिथली कथा आहे. कथा खरी असो वा नसो, ते टाके यंत्राला जमत नव्हते आणि शाल हाताची असल्याची ती खूण ठरली.

तिन्ही ठिकाणची युक्ती मुळात एकच आहे. लोकर पुढे घेऊन सुईवर एक जादा वेढा टाकायचा. पुढच्या ओळीत तो विणला की तिथे भोक पडते, आणि एक टाका वाढतो. वाढलेला टाका कुठेतरी परत घ्यावा लागतो, म्हणून शेजारचे दोन टाके एकत्र विणायचे. नुसते एकत्र विणले तर ती रेघ उजवीकडे झुकते. दोन टाके एकेक करून उचलून मागच्या बाजूने एकत्र विणले तर डावीकडे झुकते. भोक, उजवी रेघ, डावी रेघ. या तिघांच्या मांडणीतून पाने, लाटा, मोरपिसे, कमानी सगळे तयार होते. ज्यांना जाळी अवघड वाटते त्यांची अडचण बहुधा हाताची नसते, मोजणीची असते. वाढवलेले आणि घटवलेले टाके प्रत्येक ओळीत जुळले की जाळी बिघडत नाही.

पिळाचे घराणे म्हटले की आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या अरन बेटांचे नाव निघते. पांढऱ्या लोकरीचा, छातीभर पीळ असलेला तो स्वेटर जगभर ओळखला जातो. त्याच्याबरोबर एक कहाणीही फिरते की प्रत्येक कुळाचा पीळ वेगळा असे आणि समुद्रात बुडालेल्या कोळ्याचे प्रेत त्यावरून ओळखले जाई. कहाणी हृदय हलवणारी आहे, पण इतिहास तिला आधार देत नाही. जे. एम. सिंज याच्या १९०४ च्या ‘रायडर्स टू द सी’ या नाटकात बहीण बुडालेल्या भावाचा मोजा त्यातल्या सुटलेल्या टाक्यांवरून ओळखते. तिथून ही समजूत पसरली असे अभ्यासक मानतात. तो स्वेटर प्रत्यक्षात विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. बेटावरच्या बायकांनी मासेमारांच्या जुन्या जर्सीत आपली कल्पकता ओतून घडवलेला, आणि पुढे डब्लिनच्या दुकानांतून शहरात पोचलेला. हे सत्य कहाणीपेक्षा जास्त मोलाचे आहे. परंपरा फार जुनी नसली तरी ती खरी असू शकते. जेमतेम शंभर वर्षांत गरीब बेटावरच्या बायकांनी जगाला एक नवी वीण दिली.

पिळाची युक्ती जाळीच्या उलट. सहा टाक्यांपैकी तीन टाके एका तिसऱ्या, आखूड सुईवर उतरवायचे आणि विणीच्या पुढे किंवा मागे सोडायचे. उरलेले तीन आधी विणायचे, मग बाजूचे तीन. पुढे सोडले तर पीळ डावीकडे वळतो, मागे सोडले तर उजवीकडे. टाक्यांची संख्या बदलत नाही, फक्त जागा बदलते. पण एकावर एक टाके चढल्याने कापड जाड होते आणि आडवे आकसते.

खरी गंमत इथूनच सुरू होते.

जाळी पसरते, पीळ आवळतो. एकाच कापडात दोन्ही शेजारी आल्या की एकमेकींना ओढू लागतात. समजा साध्या सुलट विणीत १० सेंमीला २४ टाके बसतात आणि ६० सेंमी घेराचा गळपट्टा हवा आहे. हिशेबाने १४४ टाके झाले. नक्षीचा एक पट्टा १८ टाक्यांचा धरू: सहा टाक्यांचा पीळ, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उलट, आणि आठ टाक्यांची जाळी. १४४ मध्ये असे आठ पट्टे बसतात. तेवढेच घालून विणले तर गळपट्टा डोक्यातून जाताना अडेल, कारण प्रत्येक पिळाने थोडी थोडी रुंदी खाल्लेली असते. अनुभवी हात इथे एक पट्टा वाढवून १६२ टाके घालतो, किंवा पहिल्या पिळाच्या बरोबर खाली एक-दोन टाके वाढवून घेतो. म्हणूनच अशा कामात साध्या विणीचा चौकोनी नमुना करून माप घेणे पुरत नाही. जाळी आणि पीळ दोन्ही असलेला नमुना विणावा लागतो, तो धुवावा लागतो, वाळवावा लागतो आणि मग मोजावा लागतो. एवढी तयारी टाळायची इच्छा सगळ्यांना होते. हे पुस्तक ती टाळू देत नाही, आणि ते योग्यच आहे.

गोल विणल्याने एक मोठी सोय होते. कापडाची सुलट बाजू सतत समोर राहते, उलट बाजूने नक्षी वाचावी लागत नाही. ६० सेंमीच्या गळपट्ट्याला तारेसकट ४० सेंमीची गोल सुई लागते. त्यापेक्षा लांब सुईवर टाके ताणून बसतात. सुरुवातीला टाके जोडताना कड पिळली जाणार नाही हे पाहावे लागते, कारण एकदा पिळलेली कड पुढे सरळ होत नाही. कॅट बोर्डी या अमेरिकन विणकरणीने हीच गोष्ट मुद्दाम केली आणि २००४ च्या पुस्तकात मोबियस पट्टीसारखे, एकच बाजू असलेले गळपट्टे शिकवले.

टोके नसल्याचा फायदा सुरक्षिततेचाही आहे. नर्तकी इसाडोरा डंकन १९२७ मध्ये नीस शहरात गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून गेली. आपल्याकडे मोटारसायकलच्या चाकात ओढणी अडकल्याच्या बातम्या येत असतात. पहाटे मागच्या सीटवर बसून शाळेला किंवा बाजाराला जाणाऱ्या बाईच्या गळ्यात लोंबणारे टोक नसावे, एवढ्या एका कारणासाठीही काउल विणण्यासारखा आहे. चुलीपाशी, शेकोटीपाशी बसणाऱ्यांनाही तेच लागू.

धाग्याविषयी मात्र थांबून बोलायला हवे, कारण बाहेरची पुस्तके इथेच गोंदियाच्या वाचकाला एकटे सोडतात. त्यांत लिहिलेले असते मेरिनो किंवा मोहेर. गोंदियाच्या दुकानात मिळते ते बहुतेक अ‍ॅक्रिलिक, लुधियानाहून आलेले. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आहे, धुवायला सोपे आहे, त्यात पीळ छान उठून दिसतो. पण जाळी उघडत नाही. लोकरीची जाळी कोमट पाण्यात भिजवून, टाचण्या लावून ताणून वाळवली की तशीच राहते. अ‍ॅक्रिलिक वाळले की पुन्हा आकसते. वाफ दिली तर उघडते, पण वाफ जास्त झाली की धाग्यातला जीव जातो आणि पीळ सपाट पडतात. त्यावर उपाय एकच: जाळीच्या भागावर दुरून, हलकी वाफ द्यायची आणि पिळाच्या भागाला तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही.

दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम, गळ्याला टोचणारी. पण जिल्ह्याच्या जंगलात एक वेगळा धागा आहे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे वाढवायचे काम भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात धिवर समाज पिढ्यान्‌पिढ्या करत आला. त्या किड्यांच्या कोषांतून निघतो तो कोसा. मधाच्या रंगाचा, मंद चमकेचा. आजवर तो साडी आणि धोतराच्या मागावर गेला, सुयांवर फारसा आला नाही. गुंडाळून काढलेला कोसा फार बारीक, त्याचे अनेक पदर एकत्र करावे लागतात. फुटलेल्या कोषांपासून कातलेला घिच्चा जाडसर आणि गाठाळ, त्यात बारीक जाळी हरवते. शिवाय रेशमाला लोकरीसारखी लवचीकता नसते, म्हणून पीळ सैल पडतो. सुई एक माप बारीक घेतली, पीळ सहाऐवजी चार टाक्यांचा केला आणि कोशाबरोबर लोकरीचा एक पदर धरला की कापड सावरते. या पुस्तकातला हा भाग सर्वांत धाडसी आहे आणि सर्वांत आवश्यकही. जिल्ह्याचा स्वतःचा हलका धागा हाताशी असताना तो सुयांवर करून पाहणे व्हायलाच हवे होते.

लोकरीच्या कपड्यांचा विषय निघाला की या जिल्ह्यात गोठणगावचे नाव येतेच. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, प्रतापगडाजवळ, नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ मध्ये वसली. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता, गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला झाला. जंगलाकाठच्या जमिनीवर शेती आणि हिवाळ्यात शहरोशहरी जाऊन स्वेटरविक्री, हा भारतातल्या बहुतेक तिबेटी वसाहतींचा जीवनक्रम इथेही दिसतो. निर्वासितांनी सुरुवातीला हाताने विणलेले स्वेटर विकले, पुढे लुधियानाच्या यंत्रांचा माल आला. हिवाळी तिबेटी बाजारात आज दिसणारे बहुतेक कपडे यंत्राचेच असतात. तरीही विदर्भातल्या कित्येक पिढ्यांनी चांगली वीण पहिल्यांदा पाहिली ती याच बाजारात, उलटून पालटून, बोटाने टाके मोजत. बाजारात पाहिलेला पीळ घरी येऊन आठवणीने विणणाऱ्या बायका या विद्येच्या इतिहासातल्या नाव नसलेल्या लेखिका आहेत.

आज हा विषय पुन्हा महत्त्वाचा झाला तो फोनमुळे. साकोलीची किंवा आमगावची मुलगी आता जपानी, एस्टोनियन, आयरिश विणी एका पडद्यावर पाहते. आलेखाचा प्रसारही यामागे आहे. अमेरिकेच्या बार्बरा वॉकरने १९६८ पासून विणींचे कोश काढले आणि १९७२ च्या तिसऱ्या कोशात शब्दांऐवजी चौकटींचे आलेख वापरले. जपानमध्ये तर विणकामाच्या चिन्हांना राष्ट्रीय मानक आहे, त्यामुळे भाषा न येणाऱ्यालाही जपानी पुस्तकातून विणता येते. दार उघडले आहे, पण उंबरठ्यावर ठेच लागण्याची जागाही आहे. आपल्या दुकानांत सुयांवर जुने ब्रिटिश नंबर असतात आणि त्यांत नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० नंबर म्हणजे ३.२५ मिमी. अमेरिकन पद्धतीत उलट, तिथे १० नंबरची सुई ६ मिमीची. फोनवरची अमेरिकन कृती पाहून कोणी दुकानातून १० नंबर आणला, तर गळपट्टा निम्म्या मापाचा होईल आणि विणणारीला वाटेल की चूक आपल्या हाताची. अशा निराशेने अनेक सुया कायमच्या पेटीत गेल्या आहेत.

या पुस्तकाची भूमिका त्यातून ठरली आहे. सुयांची मापे सगळीकडे मिलिमीटरमध्ये आहेत. धागा गुंड्यांत सांगितलेला नाही, ग्रॅम आणि मीटर दोन्हींत दिला आहे, कारण एका दुकानातला गुंडा दुसऱ्या दुकानातल्या गुंड्याएवढा नसतो. प्रत्येक वीण आधी मराठी वाक्यांत आणि मग आलेखात मांडली आहे, म्हणजे आईच्या तोंडून शिकलेली आणि फोनवरून शिकलेली, दोघींनाही ती वाचता यावी. नमुने तीन वजनांचे आहेत. नाटकाच्या रात्रीसाठी दुहेरी वेढ्याचा, पिळाकडे झुकलेला. सकाळच्या प्रवासासाठी मधला, ज्यात पीळ मानेमागे येतो आणि जाळी गळ्यापुढे. आणि फेब्रुवारीत, थंडी परतू लागल्यावर, जवळजवळ नुसत्या जाळीचा. जाळीतून वारा शिरतो हा आक्षेप खरा आहे, म्हणून वाऱ्यात वापरायचे नमुने दुहेरी आहेत. दोन थरांमध्ये अडकलेली स्थिर हवाच ऊब धरते, धाग्याचे वजन नव्हे.

स्वेटर, टोपी, मोजे या पुस्तकात नाहीत. इतर देशांच्या पारंपरिक विणी जशाच्या तशा उतरवण्याचा मोहही टाळला आहे. जिथून जी युक्ती घेतली तिथले नाव सांगितले आहे, आणि मांडणी इथल्या धाग्याला, इथल्या पाऱ्याला बेतून केली आहे. पहिल्यांदा सुया हातात घेणाऱ्यांनी चार टाक्यांचा पीळ आणि एका भोकाची जाळी असलेल्या पहिल्या नमुन्यापासून सुरुवात करावी. त्याला ५० ग्रॅम धागा, ४ मिमीची ४० सेंमी लांब गोल सुई आणि पीळ घालताना टाके धरायला एक आखूड सुई लागते. ही आखूड सुई दुकानात मिळाली नाही, तर दोन्ही टोके निमुळती केलेली बांबूची काडी चालते.